सीमेवर पहारा, कात्रीला मोकळीक

क्विबेकमधल्या शिकुटिमी या गावी १८८७ साली जन्मलेला जॉर्ज व्हेझिना १९१० च्या डिसेंबरात माँट्रियल कॅनेडियन्स या आइस हॉकी संघाचा गोलरक्षक म्हणून पहिला सामना खेळला, आणि त्यानंतर जवळजवळ पंधरा वर्षे त्याने संघाचा एकही सामना चुकवला नाही. २८ नोव्हेंबर १९२५ रोजी तो आजारी असतानाच बर्फावर उतरला, त्याला सामना अर्धवट सोडावा लागला आणि २७ मार्च १९२६ रोजी क्षयाने त्याचा मृत्यू झाला. नॅशनल हॉकी लीगमधल्या सर्वोत्तम गोलरक्षकाला आजही त्याच्याच नावाचा करंडक मिळतो. त्याच्या पायांवरचे पॅड मात्र त्याच्या पश्चात पाऊणशे वर्षे टिकले होते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी कॅनडातल्याच एका कार्ड-कंपनीने ते विकत घेतले, कापून त्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे केले, एकेक तुकडा एकेका कार्डात बसवला आणि ती कार्डे पाकिटांतून बाजारात आणली. यात बेकायदा असे काहीही घडले नाही. प्रस्तुत लेखाचा विषय या शेवटच्या वाक्यापुरताच आहे.

खेळातल्या जुन्या वस्तूंविषयी कॅनडात जी सार्वजनिक चिंता व्यक्त होते, ती बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते: वस्तू देशाबाहेर तर जाणार नाही ना? सोव्हिएत संघाविरुद्धच्या आठ सामन्यांच्या मालिकेतला अखेरचा सामना २८ सप्टेंबर १९७२ रोजी मॉस्कोत झाला, चौतीस सेकंद उरले असताना पॉल हेंडरसनने गोल केला, आणि कॅनडाने तो सामना ६-५ असा जिंकून मालिकाही जिंकली. त्या वेळी अंगात असलेली जर्सी हेंडरसनने संघाच्या एका मदतनिसाला देऊन टाकली होती. अनेक वर्षांनी, २०१० मध्ये, ती लिलावात आली तेव्हा वृत्तपत्रांना ती परदेशी जाण्याची धास्ती वाटली. टोरांटोचे बांधकाम व्यावसायिक मिचेल गोल्डहार यांनी सुमारे १२ लाख ७५ हजार अमेरिकी डॉलर मोजून ती घेतली, पुढे गावोगावी फिरवून लोकांना दाखवली, आणि देशाने सुटकेचा निःश्वास टाकला. ती जर्सी गोल्डहार यांनी कापायचे ठरवले असते तर काय झाले असते, हे मात्र त्या वेळी कोणी विचारले नाही. हिशेब अवघड नव्हता. दोन हजार तुकडे केले असते तर प्रत्येक तुकड्यावर सुमारे ६४० डॉलर खर्च आला असता, आणि हेंडरसनच्या त्या जर्सीचा तुकडा त्याहून पुष्कळ अधिक किमतीला घेणारे दोन हजार कॅनेडियन सहज मिळाले असते.

सांस्कृतिक संपत्तीच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणारा कॅनडाचा कायदा सप्टेंबर १९७७ पासून अमलात आहे. वस्तू किमान पन्नास वर्षांची असेल, तिचा कर्ता हयात नसेल आणि ती ठरावीक किमतीच्या वर असेल, तर ती देशाबाहेर नेण्यासाठी परवाना लागतो. वस्तू राष्ट्रीय महत्त्वाची आहे असे ठरले तर परवाना दोन ते सहा महिने रोखून धरता येतो, जेणेकरून एखाद्या कॅनेडियन संग्रहालयाला ती रास्त किमतीत घेण्याची संधी मिळावी. योजना विचारपूर्वक केलेली आहे, आणि मालकाचे नुकसान होऊ नये याचीही तिच्यात काळजी आहे. परंतु हा कायदा फक्त सीमेवर उभा आहे. व्हेझिनाचे पॅड कोणी पेटीत घालून बोस्टनला नेऊ लागला तर कायदा निदान त्याला थांबवून विचारपूस करू शकेल. तेच पॅड माँट्रियलमधल्या एखाद्या गोदामात टेबलावर ठेवून कापले तर कायद्याला त्याची दखलही घेता येत नाही. बोस्टनला गेलेली वस्तू परत आणता तरी येते.

माझे म्हणणे संग्राहकांच्या विरोधात नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे; कारण हा छंद ज्याला ठाऊक नाही त्याला सगळाच प्रकार पैशाचा वाटण्याचा संभव आहे. कॅनडातल्या खेळाडूंची कार्डे मुळात दुसराच माल खपवण्यासाठी निघाली. इंपीरियल टोबॅको कंपनीने १९१०-११ च्या मोसमात सिगारेटच्या पाकिटांतून ३६ हॉकीपटूंची चित्रे वाटली. पुढच्या मोसमात ४५ आणि त्याच्या पुढच्या मोसमात ५० कार्डांचे संच निघाले. त्या पंचेचाळिसांत व्हेझिनाही आहे. लॅक्रॉस या खेळाचेही संच याच काळातले आहेत. न्यूजी लालाँडसारखा खेळाडू दोन्ही खेळांत अव्वल होता. आज हे संच समोर ठेवले की खेळापेक्षा निराळे काही दिसू लागते: त्या काळी हॉकीचा पैसा केवळ माँट्रियल-ओटावात नव्हता, तर कोबाल्ट, हेलीबरी आणि रेनफ्रू यांसारख्या ऑन्टारिओतल्या छोट्या गावांतही होता. कोबाल्टला चांदी सापडली होती आणि खाणमालकांना करंडक हवा होता. पुढे ही गावे मोठ्या हॉकीच्या नकाशावरून पुसली गेली. कार्डांवर ती शिल्लक आहेत.

धूम्रपान करणाऱ्यांकडून कार्डे मुलांकडे आली ती गोळ्या-बिस्किटे आणि बबलगमच्या वाटेने. ऑन्टारिओतल्या ब्रँटफर्ड गावच्या विल्यम पॅटरसन कंपनीने १९२३-२४ मध्ये ४० कार्डांचा संच काढला आणि पूर्ण संच परत पाठवणाऱ्यास बक्षीस देऊ केले. त्यातले बर्ट कॉर्बो या खेळाडूचे कार्ड मुद्दाम अत्यल्प छापले होते. म्हणजे मुलांनी गोळ्या खात राहाव्यात आणि बक्षिसाचा खर्च कंपनीच्या अंगावर येऊ नये. ही क्लृप्ती वाचताना नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात वाढलेल्या कोणालाही बिग फन बबलगमची आठवण व्हावी. क्रिकेटपटूंच्या त्या कार्डांच्या मागे छापलेल्या धावा आणि बळी जमवताना आमच्या वर्गातल्या पोरांनी जी गणिते केली, ती शाळेच्या वहीत कधी केली नाहीत. पोर्ट क्रेडिटच्या सेंट लॉरेन्स स्टार्च कंपनीची रीत जरा अधिक उदार होती. १९३४ ते १९६७ या काळात तिच्या बी हाइव्ह कॉर्न सिरपच्या डब्याचा पुरावा टपालाने पाठवला की हव्या त्या खेळाडूचे छायाचित्र घरी येत असे, आणि शेतावर राहणाऱ्या, बर्फावरचा मोठा सामना कधीही न पाहिलेल्या मुलांच्या भिंती त्या छायाचित्रांनी सजल्या. मग महायुद्धाचा खंड पडला. मॉरिस रिशार १९४२ मध्ये आणि गॉर्डी हाव १९४६ मध्ये नॅशनल लीगमध्ये आले, तरी त्यांची पहिली कार्डे म्हणून ज्यांना मान आहे ती पार्कहर्स्ट कंपनीच्या १९५१-५२ च्या १०५ कार्डांच्या संचातली आहेत. मधल्या दहा वर्षांत कॅनडात हॉकीची कार्डे निघालीच नव्हती.

यानंतरचे नाव ओ-पी-ची. लंडन, ऑन्टारिओ इथे १९११ मध्ये मॅकडर्मिड बंधूंनी काढलेल्या या गम-कंपनीच्या १९७९-८० च्या संचातले अठराव्या क्रमांकाचे कार्ड वेन ग्रेट्झकी या हॉकीपटूचे आहे. (ग्रेट्झकीही ब्रँटफर्डचाच, पॅटरसन कंपनीच्या गोळ्या आणि हा मुलगा एकाच गावचे, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटत आला आहे.) त्या कार्डांची निळी किनार लगेच टवके सोडते, आणि कारखान्यात कागद तारेने कापला जात असल्यामुळे कडा बहुधा खडबडीत निघत. त्यामुळे निर्दोष प्रत जवळजवळ नाहीच. प्रतवारी करणाऱ्या एका प्रमुख संस्थेने दहापैकी दहा गुण दिलेली केवळ दोन कार्डे होती. त्यांतले एक २०११ मध्ये सुमारे ९४ हजार डॉलरला, २०१६ मध्ये ४ लाख ६५ हजारांना आणि २०२० च्या डिसेंबरात १२ लाख ९० हजारांना विकले गेले. २०२१ मध्ये या कार्डाचा खाजगी सौदा ३७ लाख ५० हजारांना झाला. पुढे सस्कॅचवानमधल्या एका घरात त्याच वर्षाच्या कार्डांचे न उघडलेले आख्खे खोके सापडले. त्यात सोळा पेट्या, प्रत्येक पेटीत ४८ पाकिटे आणि प्रत्येक पाकिटात १४ कार्डे, म्हणजे एकूण १०,७५२ कार्डे होती. संच ३९६ कार्डांचा असल्यामुळे सरासरीने त्यात सत्तावीस ग्रेट्झकी असायला हवेत. २०२४ च्या लिलावात त्या खोक्यावर ३७ लाख २० हजारांची बोली लागली. खोके उघडले तर जुगार संपतो, म्हणून ते न उघडण्यातच त्याची किंमत आहे.

हा प्रकार हास्यास्पद वाटला तरी सरकारने त्यात पडावे असे मला वाटत नाही. छापील कार्ड ही हजारो प्रतींतली एक प्रत असते. एक प्रत कोणी प्लॅस्टिकच्या डबीत कायमची बंद केली, बँकेच्या तिजोरीत ठेवली किंवा उद्या तिची किंमत निम्म्यावर आली, तरी ते चित्र, मागचा मजकूर आणि त्यातून दिसणारा काळ दुसऱ्या प्रतींत सुरक्षित आहे. ज्यांना किमतीचा सट्टा खेळायचा आहे त्यांनी तो खेळावा. एकमेव वस्तूचे तसे नाही. व्हेझिनाने १९२५ मध्ये वापरलेल्या पॅडची प्रत नसते. तो किती जड होता, त्यातले भरण कशाचे होते, पकने (या खेळातल्या रबरी चकतीने) बसलेल्या माराच्या खुणा कोणत्या भागावर जास्त होत्या आणि त्यावरून तो कसा उभा राहत असावा, हे प्रश्न आख्ख्या वस्तूलाच विचारता येतात. पेराएवढ्या चामड्याकडे त्यांतल्या एकाचेही उत्तर नाही. आजची चर्चा ‘संग्रह’ या एकाच शब्दात छापील कार्ड आणि वापरलेली वस्तू या दोहोंना कोंबते, आणि त्यामुळे एकाला लागू पडणारी मोकळीक दुसऱ्यालाही आपोआप मिळून जाते.

जर्सीचा तुकडा बसवलेली कार्डे १९९६-९७ च्या सुमारास उत्तर अमेरिकेत रुळली, आणि त्यांच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. बेब रूथ या बेसबॉलपटूची एक जर्सी २००३ मध्ये एका अमेरिकी कार्ड-कंपनीने २ लाख ६४ हजार डॉलरहून अधिक किमतीला घेऊन तिचे २,१०० तुकडे केले, तेव्हाही तो मांडला गेला होता. आख्खी जर्सी एखादाच धनिक घेऊ शकतो आणि ती त्याच्या दिवाणखान्यात लटकते. तुकडे केले की दोन हजार सामान्य चाहत्यांच्या घरी इतिहासाचा एकेक अंश पोहोचतो. लोकशाहीची भाषा असल्यामुळे हे बोलणे पटकन पटते. पण आपल्याकडे पुण्याच्या केळकर संग्रहालयातला एखादा नक्षीदार अडकित्ता घेऊन त्याचे वीस तुकडे केले आणि वीस जणांना वाटले, तर वीस घरांत अडकित्ता आला असे कोणी म्हणणार नाही. शिवाय हे वाटप गरजूंना फुकट होत नाही. तुकडा कोणत्या पाकिटात आहे हे ठाऊक नसल्याने गिऱ्हाईक महागडी पाकिटे फोडत राहते, आणि ज्याला तुकडा लागतो तो बहुधा आठवडाभरात विकून टाकतो. पॅटरसन कंपनीने कॉर्बोचे कार्ड कमी छापून जे साधले, तेच इथे एक आख्खी वस्तू नष्ट करून साधले जाते. कॉर्बोच्या बाबतीत निदान कोणाच्या अंगावरचे कातडे कापले गेले नव्हते.

याच छंदातला दुसरा एक दंडक या ठिकाणी आठवतो. १९९१ मध्ये ग्रेट्झकी आणि त्या वेळच्या त्याच्या संघाचे मालक ब्रूस मॅकनॉल यांनी मिळून होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचे सिगारेट-कार्ड ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतले होते. जगातले सर्वांत प्रसिद्ध कार्ड म्हणून ते पुढे अनेक हातांतून गेले. २०१३ मध्ये बिल मास्ट्रो या लिलाव-व्यावसायिकाने न्यायालयात कबूल केले की त्या कार्डाच्या कडा त्याने स्वतः कापून सरळ केल्या होत्या. या आणि लिलावातल्या इतर फसवणुकीसाठी त्याला २० महिन्यांची शिक्षा झाली. त्याचा गुन्हा कापणे हा नसून कापलेले लपवणे हा होता, हे मला मान्य आहे. तरीही कडेचा केसाएवढा कागद गेला तर कार्ड ‘बिघडले’ असे मानणारे, भिंगाखाली कोपरे तपासणारे हेच लोक, शंभर वर्षांपूर्वीचे पॅड कापून तयार झालेल्या मालाला नवनिर्मिती समजतात. मूळ स्थितीविषयीची इतकी हळवी निष्ठा छापील कागदासाठी असावी आणि खेळाडूने खरोखर अंगावर वागवलेल्या वस्तूसाठी मुळीच नसावी, याचे समर्थन मी अजून ऐकलेले नाही.

मालकीचा आक्षेप अधिक गंभीर आहे. माझी वस्तू आहे, मी पैसे मोजले आहेत, ती मी कापेन नाही तर जाळेन. परंतु कॅनडाच्या कायद्याने मालकाला इतकी मोकळीक सर्वत्र दिलेली नाही. टोरांटोच्या ईटन सेंटर या व्यापारी संकुलात मायकेल स्नो या कलावंताने घडवलेल्या साठ हंसांचा थवा छताखाली टांगलेला आहे. नाताळानिमित्त संकुलाने त्या हंसांच्या गळ्यांत लाल फिती बांधल्या, तेव्हा स्नो न्यायालयात गेले आणि १९८२ मध्ये न्यायालयाने फिती काढायला लावल्या. हंस संकुलाने विकत घेतलेले होते, तरीही. ऑन्टारिओत वारसा म्हणून जाहीर झालेली इमारत मालकाला पाडायची असेल तर नगरपालिका त्याला मनाई करू शकते. चित्राला त्याचा चित्रकार आहे आणि इमारतीला तिची नगरपालिका आहे. पॅडच्या बाजूने उभे राहणारे कायद्यात कोणीच नाही, एवढाच फरक आहे. पॅड शिवणारा कारागीर कलावंत ठरत नाही, आणि तो वापरणारा खेळाडू तर कर्ताही ठरत नाही.

संग्राहकांचे ऋण मात्र प्रामाणिकपणे मोजले पाहिजे. ज्या काळात संघ जुन्या जर्स्या खालच्या संघांना सरावासाठी देऊन टाकत आणि आया मुलांच्या कार्डांची खोकी केराबरोबर बाहेर ठेवत, त्या काळात या वस्तू वाचवल्या त्या चार वेड्या माणसांनी. जेफरसन बर्डिक हे त्यांतले आद्य नाव. न्यूयॉर्क राज्यातल्या या कामगाराने सांधेदुखीने बोटे वाकडी झालेली असताना तीन लाखांहून अधिक छापील कागद जमवले, त्यांची वर्गवारी केली आणि सगळा संग्रह मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला देऊन टाकला. कॅनडाच्या तंबाखू-कार्डांना ‘सी’ आणि गोळ्या-गमच्या कार्डांना ‘व्ही’ ही अक्षरे त्यांनीच लावली, आणि व्यापारी आजही तीच वापरतात. बर्डिकनी आपली कार्डे वह्यांत चिकटवून टाकली होती. आजच्या प्रतवारीच्या दृष्टीने हा महापराध आहे, पण १९६३ मध्ये ते गेल्यानंतरही तो संग्रह अभंग राहिला. नोव्हा स्कोशियाच्या केप ब्रेटन बेटावर १८३० च्या दशकात कोरलेली हॉकीची एक काठी बराच काळ एका केशकर्तनालयाच्या भिंतीवर होती. एका संग्राहकाने २००८ मध्ये ती हजार डॉलरला घेतली, चिकाटीने तिचे वय सिद्ध करवून घेतले, आणि २०१५ मध्ये गाटिनोच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयाने तिच्यासाठी तीन लाख डॉलर दिले. संग्राहकाला नफा झाला, देशाला काठी मिळाली, आणि काठी आख्खी आहे. खाजगी हौस व सार्वजनिक हित यांचे जमू शकते, ते असे.

तेव्हा खाजगी मालकीवर घाला घालण्याची गरज नाही. मागणी अगदी आखूड आहे. पन्नास वर्षांहून जुनी, सामन्यात वापरलेली आणि तिच्या प्रकारची एकमेव किंवा जवळजवळ एकमेव असलेली वस्तू कापण्याआधी मालकाने नोटीस द्यावी, आणि निर्यात-परवान्यासाठी आज जी मुदत मिळते तेवढीच मुदत संग्रहालयांना ती रास्त किमतीला घेण्यासाठी मिळावी. कोणी घेतली नाही तर मालकाने त्याला हवे ते करावे, पण त्याआधी तिची मापे, छायाचित्रे आणि तपशील सार्वजनिक अभिलेखात जमा व्हावेत. हाच नियम विध्वंसाला लावला तर नवे खाते उघडावे लागणार नाही, कारण तपासणारे तज्ज्ञ आणि मदतीची यंत्रणा १९७७ पासून आहेच. आजच्या खेळाडूंना यातून वगळावे. ते एका मोसमात कित्येक जर्स्या वापरतात. त्यांतल्या दोन कापल्याने काही बिघडत नाही. संसदेला वेळ नसेल तर आणखी जवळचा मार्ग आहे. लीगच्या आणि संघांच्या बोधचिन्हांशिवाय हॉकीचे कार्ड फारसे खपत नाही, आणि ती चिन्हे वापरण्याचा परवाना लीग देते. जुनी एकमेव वस्तू कापणाऱ्याला परवाना नाही, अशी एक ओळ करारात आली तर बराचसा प्रश्न कायद्याविना मिटेल. लीगने ती ओळ आजवर का घातली नाही, याचे उत्तर परवान्याच्या शुल्कात असावे असा माझा तर्क आहे.

मिसिसॉगात भरणाऱ्या कार्डांच्या मेळ्यात एका टेबलावर मी असे एक कार्ड हातात घेऊन पाहिले आहे. जाड पुठ्ठ्यात एक चौकोनी खिडकी, तिच्यात तपकिरी चामड्याचा तुकडा, शेजारी टोपी घातलेल्या व्हेझिनाचे चित्र. विक्रेता गृहस्थ होता, त्याने घासाघीस केली नाही आणि घाईही केली नाही. मी कार्ड उलटले. आतला तुकडा सामन्यात वापरलेल्या वस्तूचा असल्याची हमी कंपनीने मागे छापली होती. जुन्या छायाचित्रातल्या पॅडशी ताडून पाहावे म्हटले तर शिवण नव्हती, पट्टा नव्हता, कड नव्हती. मी ते त्याला परत दिले आणि त्याने ते पुन्हा काचेखाली, होते त्याच जागी ठेवले.